कोनांच्या खोलीतला निळा धागा

अहो, आधीच सांगून टाकते, तुमच्यावर मी कधी पुरता विश्वास ठेवला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तरी तुम्ही निवडलेली मेथी मी परत निवडायची आणि तुम्ही लावलेली कडी परत ओढून बघायची. तुम्ही रागवायचा नाहीत. शिरपूरची बोली तुम्ही सिल्वासात येऊनही सोडली नाहीत, त्याच बोलीत म्हणायचात, "सुमन, तुले पोलीसमा भरती व्हवाले पाहिजे व्हतं. आठे पोलकास्ना मापं लेत बसनी."

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि माझा स्वभाव अजून जागचा हललेला नाही. भिंतीवरच्या तुमच्या फोटोवरसुद्धा माझा विश्वास नाही. त्यात तुम्ही अगदी ताठ उभे आहात. आपल्या लेकीच्या, वर्षाच्या लग्नातला तो फोटो. खरं तर तेव्हा तुम्ही माझ्या खांद्याला धरून उभे होतात. फोटोवाल्याने मला कापून टाकलं आणि तुम्हाला एकट्याला ताठ केलं. हार घालताना रोज मला वाटतं, आता हा माणूस कलंडणार.

माणसांचं तर विचारूच नका. "देवमाणूस गेला," असं म्हणत जे जे आले, त्यांतल्या निम्म्यांनी तुम्हाला चौकात डोलताना बघून तोंडं फिरवली होती. कल्पनावहिनी तुमच्या फोटोपुढे डोळे पुसत होत्या. ब्लाउजचं माप द्यायला येऊन, "भाऊ आज जरा जास्तच डोलत होते हं," असं मला सांगणाऱ्या त्याच ना? मी त्यांना चहा दिला. साखर कमी घातली.

सगळं सुरू झालं तुमच्या उजव्या डोळ्यापासून. सुताच्या कंपनीत पाळीवर असताना एक दिवस तुम्हाला लाल सुताचे शंकूसारखे कोन मळकट दिसायला लागले. मी म्हटलं, चष्मा लागला. पुढे डोळा सुधारला, तर डावा पाय रुसला. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि तुम्हाला कळायचंही नाही. सुरतेला तुम्हाला त्या बोगद्यात सरकवून मेंदूचे फोटो काढले, तेव्हा नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवरचं वेष्टण आपलंच शरीर कुरतडतं, असं डॉक्टर म्हणाले. वायरीवरचं प्लास्टिक उंदराने खाल्लं तर दिवा लुकलुकतो ना, तसं, हे तुम्ही मला घरी येऊन समजावलंत. ज्या रोगाला आपल्या घरात घ्यायला साधं नावच नाही, तो रोग खरा कशावरून, असं मला तेव्हा वाटलं होतं. नऊ वर्षं तो तुमच्या अंगात राहिला, तरी माझी खात्री पटायला निम्मी गेली.

कंपनीने मात्र माणुसकी दाखवली. तुम्हाला मशीनवरून काढून सूत तपासायच्या लॅबमध्ये बसवलं. तिथे गारवा कायम सारखा ठेवतात, कारण हवा बदलली की सुताचा ताण बदलतो आणि तपासणी चुकते. कोन आधी बाजूच्या गार खोलीत ठेवायचे, मग ताणून बघायचे. मी तेव्हा म्हटलं होतं, बाहेर माणसं घामाने निथळतात आणि तुमच्याकडे सुताचे लाड चालतात. तुम्ही म्हणालात, "आता मना बी लाड व्हतीन." मला ते बोलणं आवडलं होतं. सांगितलं नाही.

सुरतेच्या त्या डॉक्टरांनी, दमू नका, उन्हाला जपा, एवढंच सांगितलं होतं. मी त्याची खूणगाठ बांधली.

मग आला मे महिन्यातला तो शनिवार. भाजी घेऊन आपण आपल्या आमली भागातून पायी घरी येत होतो. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार झाला की आपल्याकडच्या बारांपुढे गाड्यांची रांग लागते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या गावात माणूस डोलत चालला, तर तो आजारी असेल हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. उन्हाने तुमचे पाय एकमेकांत अडकायला लागले, उजव्या डोळ्यापुढे धूर आला. पानाच्या टपरीपाशी कुणीतरी म्हणालं, "काका, आज दुपारीच?" टपरीवरचे सगळे हसले. तुम्ही माझ्यासाठी हात पुढे केलात. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, जड होती, म्हणून मला तो धरता आला नाही. तुम्ही टपरीची फळी धरून उभे राहिलात. डोक्यावर पाणी ओतलं, थोडा वेळ गेला, तसं तुम्हाला दिसायला लागलं, आणि आपण रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला वर्षाची शपथ घातली, की पुन्हा रस्त्यावर पायी चालणार नाही. तुम्हाला ऊन बाधतं, असं मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि हो म्हणालात.

त्यानंतरची पाच वर्षं तुम्ही माझ्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत काढलीत. रिक्षाने कंपनी, रिक्षाने घर, घरात खुर्ची. पाण्याचा पेला हातात, ताट मांडीवर. तुम्ही उठायच्या आत मी उठायची. गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनी किती करता. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दर दिवाळीला तुमच्या पँटची मागची शिवण उसवून मी कंबर वाढवून द्यायची, आणि फोनवर वर्षाला सांगायची, पप्पांची तब्येत सुधारतेय गं. आत दाबलेलं कापड संपलं, तेव्हा मी पट्टी जोडली. त्याच सुमाराला तुम्हाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मापं घेऊन पोट भरणारी बाई मी, आणि घरातलं माप मला वाचता आलं नाही.

दुधनीच्या तलावावरचा दिवस आठवतो? जानेवारी होता, पाण्यावरून गार वारा येत होता, आणि तुम्हाला होड्यांपर्यंत चालत जायचं होतं. मी शपथ काढली. तुम्ही म्हणालात, "शपथ रस्तानी व्हती, हाऊ ते काठ शे." मी जीपचं दार धरून उभी राहिले. वर्षा आणि जावई होडीत बसून फिरून आले, आपण दोघं जीपमध्ये बसून त्यांना हात हलवत होतो. तो वाद आपण मिटवलाच नाही. मी विसरल्यासारखं केलं आणि तुम्ही मला विसरू दिलंत.

मग वापीच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. वयाने आपल्या वर्षाएवढ्या, आणि रक्तदाब मोजता मोजता मला विचारतात, "हे दिवसभर बसूनच असतात का?" जसं काही मी बांधून घातलंय. म्हणाल्या, या आजारात पाय दमतात म्हणून माणूस बसतो, आणि बसून बसून हृदयाचं दुखणं ओढवून घेतो. पायांची काळजी सगळे करतात, छातीची कुणी करत नाही. मी म्हटलं, उन्हात यांना दिसेनासं होतं. त्या म्हणाल्या, अंग तापलं की तसं होतं, गार झालं की उतरतं, त्याने आजार वाढत नाही. चालू नका असं नाही, गार जागी चाला. थोडं चाला, बसा, परत थोडं चाला. मानेवर ओला पंचा ठेवा. आणि तंबाखू बंद, तिचा दोन्हीकडून तोटा.

"आणि पडले म्हणजे?" मी विचारलं.

"सोबत कुणीतरी असावं," असं म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

येताना बसमध्ये आपण भांडलो. मी म्हटलं, यांना काय जातं सांगायला, पडलात तर उचलायला मी. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पायस्नं जे व्हवानं ते व्हई. पन छातीले काबर बठाडी ठेवू?" मी वर्षाची शपथ पुन्हा काढली. मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्हाला उशीर व्हायला लागला. रोज नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तासभर. कंपनीत काम निघालं, म्हणायचात. लॅबमध्ये जादा काम नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. शर्टाची कॉलर ओली असायची. तोंडाला बडीशेपेचा वास, जो आधी कधी नव्हता. आणि चाल तर तुमची कायमचीच डोलती. आता तुम्हीच सांगा, आमलीतल्या बाईने याचा काय अर्थ लावावा? मी लावला. बडीशेप वास मारायला, पाणी तोंडावर मारायला, आणि उशीर कशासाठी ते उघडच आहे. सगळ्या गावाने तुम्हाला बेवडा म्हटलं तेव्हा मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले होते. आता मीच त्यांच्यात जाऊन बसले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तुमच्या शर्टाच्या खिशात मला दोरे सापडायला लागले. हातभर लांब, कंपनीचं निळं सूत, आणि त्याला गाठी. ओळीने मारलेल्या. माझ्या धंद्यात दोऱ्याला गाठ पडली की तो भाग कापून टाकतात, मुद्दाम गाठी कोण मारेल? मारतो तो भगत. माझ्या मनाने घेतलं, की गावाबाहेरच्या कुठल्या तरी भगताकडे तुम्ही जाता, तो दारूही पाजतो आणि दोराही मंतरून देतो. पहिला दोरा मी गॅसवर धरला. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं आणि त्याचा काळा मणी होतो, हे इतकी वर्षं शिवण करून मला माहीत नाही का? तरी तो मणी बघून माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर जेवढे सापडले तेवढे मी तुकडे करून मोरीत टाकले, वरून पाणी ओतलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, सुमन, खिशातला दोरा कुठे गेला.

एका गुरुवारी मी तुमच्या पाळतीवर निघाले. हो, निघाले. डोक्यावरून पदर घेऊन बारांच्या रांगेसमोर, रस्त्यापलीकडे, उभी राहिले. तासभर. आत जाणारा प्रत्येक माणूस बघितला, बाहेर येणारा तर दोनदा बघितला. तुम्ही नव्हता. कल्पनावहिनी मात्र तिथून गेल्या आणि मला म्हणाल्या, "इथे कुठे वहिनी?" मी म्हटलं, बटणं घ्यायला. त्या रस्त्याला बटणाचं एकही दुकान नाही. घरी आले तर तुम्ही आधीच येऊन बसलेले, कॉलर ओली. मी समोर उभी राहिले.

"खरं सांगा. कोठे जातस तुम्ही? पेतस का?"

तुम्ही हसलात. "पेस ना. पुरी बाटली पेस. थंडगार."

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही काही उलगडून सांगितलं नाहीत. माझी शपथ होती ना तुमच्या गळ्यात.

आता त्या रविवारचं. हे लिहू की नको असं अठरा दिवस चाललंय माझं. सकाळचे नऊ वाजले असतील. चहा झाला होता. तुम्ही पलंगाच्या कडेला बसलेले, म्हणालात, "सुमन, छातीमा भरी उनं." कपाळावर घाम. आणि मी काय केलं? मी वाकले आणि तुमच्या तोंडाचा वास घेतला. आदला दिवस शनिवार होता. मला वाटलं, काल जास्त झाली असेल. वास चहाचा होता आणि थोडा बडीशेपेचा. तुम्हाला कळलं मी काय करतेय ते. तुम्ही माझ्याकडे बघून, दुखत असतानाही, जरासं हसलात. मग मी ओवा आणायला गेले, मग रिक्षा, मग दवाखान्याचं ते मोठं दार आणि आतली धावपळ. हृदयविकाराचा झटका, म्हणाले. तुमच्याजवळ मी शेवटची वाकले, ती संशय घेऊन वाकले. हे मला कुणी माफ करू नका. तुम्ही तर मुळीच करू नका.

तेराव्याला छगनभाई आले. लॅबमध्ये तुमच्याबरोबरचे, पन्नाशी उलटलेले, इथलेच. तुम्ही नाव घ्यायचात, मी चेहरा पहिल्यांदा बघितला. हाच तो, असं मी ठरवलं. पाणी देताना त्यांच्याही तोंडाचा वास घेतला, लांबून. मग सरळ विचारलं, "तुम्ही दोघं प्यायला कुठे बसायचात?"

छगनभाई घाबरलेच. "काय बोलता भाभी? प्रकाशभाई दारूचं नाव पण नाय घेत. तंबाकू सोडली तवापासून खिशात बडीसोप ठेवत. तुमी लॅबला या. तेंचा डबा, चष्मा हाय तितं. आनि एक दोरी हाय, ती सोडायला कोनाचा हात नाय चालत."

मी गेले. साहेबांनी आत सोडलं. लॅबच्या मागची ती कोनांची खोली तुम्ही मला कधी दाखवली नव्हती. दोन्ही बाजूंना रॅक, रॅकांवर सुताचे कोन, आणि मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. अंगाला गार लागलं. त्या वाटेवर, कमरेएवढ्या उंचीवर, या रॅकपासून त्या रॅकपर्यंत एक निळा धागा ताणून बांधलेला होता. साधा धागा. मी बोट लावलं, तर थरथरला. तोल गेला तर हा काय धरणार, असं मी म्हटलं.

"धरायला नाय तो," छगनभाई म्हणाले. "नुसतं बोट लावायचं. बोट लागलेलं असलं ना भाभी, की ते डोलतच नाय. सरळ जायाचे. आमी समदे बघत राहायचे."

मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, काम सुटल्यावर. थंड पाण्याची एक पुरी बाटली पिऊन, मानेवर ओला पंचा टाकून. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, तिथे ठेवलेल्या स्टुलावर बसायचं, श्वास खाली बसला की परत यायचं. आकडे हल्ली डोक्यातून निसटतात म्हणून प्रत्येक फेरीला सुताच्या तुकड्याला एक गाठ. छगनभाई मागून चालायचे, हात पुढे धरून, पण अंगाला न लावता. रस्त्यावर चालायचं नाही ही शपथ होती, ती तुम्ही एक दिवसही मोडली नाहीत.

मला आधी काय वाटलं असेल? रडू आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मी छगनभाईंवर ओरडले. म्हटलं, मग तुम्हीच मारलंत त्यांना. आजारी माणसाला पळवलंत आणि छाती बंद पाडलीत. शनिवारी चालवलंत आणि रविवारी गेले ते. छगनभाई स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी पन तोच विचार करतो भाभी. त्या दिवसापासून मला भाकर गोड नाय लागत."

घरी येऊन मी तुमचा शनिवारचा शर्ट काढला. तो मी अजून धुतलेला नाही. खिशात दोरा होता. सतरा गाठी. मी गॅसवर धरला होता, त्या पहिल्या दोऱ्याला चार होत्या, मला पक्कं आठवतंय. मधले सगळे मी मोरीत घालवले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी वापीला गेले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला गोड बोलू नका, सरळ सांगा, चालण्याने गेले की कशाने? त्यांनी तुमची फाइल काढली. गेल्या काही महिन्यांत तुम्ही तीनदा त्यांच्याकडे जाऊन आला होतात, तेही मला ठाऊक नव्हतं. रक्तदाब दर वेळी थोडा उतरलेला होता. त्या म्हणाल्या, "चालण्याने त्यांचं नुकसान झालं असं मला कुठेच दिसत नाही. फायदाच दिसतोय. पण हे उशिरा सुरू झालं. त्याआधीची बरीच वर्षं बसून गेली होती. नेमकं कशाने, हे मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकणार. कुणीच नाही सांगू शकणार."

त्याआधीची वर्षं. त्यांनी ती कुणामुळे, ते विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "तुम्हीही दिवसभर मशीनवर बसता ना?" आकडा चांगला आला नाही. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्या हसल्या नाहीत.

मी परस्पर कंपनीच्या फाटकावर गेले. तुमच्यासाठी नाही, छगनभाईंसाठी. त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या चालवण्याने त्यांचं भलंच होत होतं. मी बोलले ते विसरा. छगनभाईंनी दोन्ही हात जोडले. जाता जाता मी विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण ती खोली बघितल्यापासून तेच पोटात होतं.

"मला का नाही आणलं कधी? मी आले असते ना सोबतीला."

"मी बोललेलो की," ते म्हणाले. "एकदा बोललो, प्रकाशभाई, थंडीचे दिवस हायेत, सकाळी भाभीला घेऊन बाहेर फिरा ना, इतं रॅकमदी काय मजा? तर ते बोलले, नाय रे, तिला ऊन सोसत नाय."

अहो, मला ऊन सोसत नाही?

शिरपूरला भर उन्हात कापूस वेचलेली बाई मी. तुम्हाला ते ठाऊक होतं, लग्नात माझे हात बघून तुम्हीच विचारलं होतंत. तुम्ही छगनभाईंना माझ्या उन्हाचं सांगितलंत आणि मी तुम्हाला तुमच्या उन्हाचं सांगत राहिले. म्हणजे टपरीपाशी त्या शनिवारी काय झालं, ते तुम्ही बघितलं होतं. डोळ्यापुढे धूर होता तरी बघितलं होतं. पाच वर्षं बघून ठेवलंत आणि एकदाही बोलला नाहीत.

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. कल्पनावहिनींवर, डॉक्टरांवर, रोगाच्या नावावर, तुमच्या बडीशेपेवर. एकीला तेवढं सोडलं, स्वतःला. तर आता ऐका. त्या दिवशी पिशवी जड नव्हती. पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी होती. टपरीवरची माणसं हसत होती आणि मला वाटलं, या बेवड्याची बायको म्हणून माझ्याकडे बोट नको, म्हणून मी हात मागे घेतला. तुमचं ऊन खरं होतं, मान्य. पण तुम्हाला खुर्चीत बसवलं ते माझ्या लाजेने, आणि तिलाच तुम्ही माझं ऊन म्हणालात.

तो निळा धागा मी सोडू दिला नाही. छगनभाईंना म्हटलं, राहू द्या, कुणाला तरी लागेल.

आज दुपारी चार वाजता मी मशीन बंद केलं. ऊन होतं. छत्री घेतली नाही, पदर डोक्यावर घेतला नाही. आमलीतून त्या टपरीपर्यंत चालत गेले, उजवा हात रिकामा ठेवून. टपरीवर माणसं होती. फळीला हात लावून जराशी उभी राहिले आणि तशीच चालत परत आले.

सोसतं मला ऊन.